जुन्या सीडीतला आवाज जपताना

आपल्यापैकी अनेकांच्या घरी लोखंडी पेटीत, फडक्यात गुंडाळलेली एखादी सीडी असते. २००० सालाच्या मागेपुढे झालेले लग्न, भीमजयंतीची मिरवणूक, आज हयात नसलेल्या आजोबांचे दोन शब्द. सीडी प्लेअर केव्हाच भंगारात गेला. आता पोराकडे मोठा मोबाईल, आजीकडे साधा बटणांचा. दुकानदार विचारतो, "कशात करून देऊ? एमपीफोर, थ्रीजीपी, एव्हीआय?" आपण म्हणतो, "द्या काहीही." फसगत होते ती इथेच.

सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. म्हणून ही गोष्ट भांड्यावरूनच समजून घेऊ. एमपीफोर, एव्हीआय ही भांड्यांची नावे आहेत. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरले, त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. कळशी ओळखीची असली तरी आत काय आहे ते वरून कळत नाही. म्हणूनच एकच एमपीफोर फाईल मुलाच्या मोबाईलवर चालते आणि वडिलांच्या मोबाईलवर नुसता आवाज येतो.

व्हिडिओ सीडीची पद्धत १९९३ सालची. तिच्यात एमपेग-१ असते. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे आणि मिनिटाला सुमारे १० एमबी जागा. २००३ साली एच.२६४ आले. ते तसेच चित्र बऱ्याच कमी जागेत बसवते. २०१३ चे एच.२६५ त्याहूनही कमी जागा घेते, पण अनेक जुने मोबाईल आणि टीव्ही ते उघडत नाहीत. म्हणून दुकानदाराला स्पष्ट सांगावे : भांडे एमपीफोर, चित्र एच.२६४, आवाज एएसी. घरी संगणक असेल तर हँडब्रेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमवर हे काम पोरे स्वतःही करू शकतात.

थ्रीजीपी हे लहान पडद्याच्या मोबाईलसाठी काढलेले. आजीसाठी तशी एक वेगळी प्रत जरूर करावी, पण घरात तेवढी एकच प्रत ठेवू नये. आधी एका मिनिटाचा तुकडा करून तिच्या मोबाईलवर चालतो का ते पाहावे.

कुणी "एचडी करून देतो" म्हणून जादा पैसे मागितले तर विचार करा. भांडे मोठे केल्याने पाणी वाढत नाही. सीडीत जे टिपले गेले नाही, ते नुसते ठिपके वाढवून येत नाही.

आणखी दोन गोष्टी. पेनड्राईव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल, तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. पेनड्राईव्ह खराब आहे असे समजू नका, फाईलचे दोन भाग करा. आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाईल दाबून लहान होते. नातेवाइकांना ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एका पद्धतीतून दुसरीत नेताना दर वेळी चित्रातले थोडे गळते आणि गळलेले परत येत नाही. म्हणून आधी सीडीतली मूळ डॅट फाईल जशीच्या तशी उतरवून घ्या. तिची एक प्रत आपल्या घरी, दुसरी बहिणीच्या किंवा भावाच्या घरी ठेवा. मोबाईलसाठीच्या प्रती त्यानंतर हव्या तेवढ्या करता येतील. सीडीवर ओरखडे पडतात, तिचा थर उडतो. आजोबांचा आवाज आणखी कुठेच नाही. येत्या रविवारी पेटी उघडाच.