साभार परत

मराठीत नकारासाठी एक फार सभ्य शब्दजोडी आहे : ‘साभार परत’. आपल्या आजोबांच्या पिढीत मासिकाला कथा पाठवताना स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा सोबत जोडावा लागे. पोस्टमनच्या हातात तोच लिफाफा जाडजूड होऊन दिसला, की न उघडताच आतलं उत्तर कळायचं. आता ईमेल येते. पुष्कळदा तीही येत नाही. पद्धत बदलली, पण पोटात जो खड्डा पडतो तो तेवढाच खोल आहे.

गेल्या दोन महिन्यांत आपल्या मंडळातल्या तिघा-चौघा तरुण वाचकांनी मला साधारण एकच प्रश्न विचारला. ‘दादा, तीन ठिकाणी पाठवलं, तिन्हीकडून नकार आला. आता पुढे लिहावं की सोडावं?’ मी काही नामवंत लेखक नाही. दिवसा गच्चीबावलीत कोड लिहितो आणि पहाटे कादंबरी लिहितो. पण या प्रश्नाला माझ्याच धंद्यातल्या एका माणसाची गोष्ट चांगली लागू पडते, म्हणून ती आधी सांगतो.

अँडी वीअर हे नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. ‘द मार्शियन’ ही त्यांची कादंबरी आणि त्यावर रिडली स्कॉटनी केलेला २०१५ चा सिनेमा. मंगळावर एकटा राहिलेला अंतराळवीर बटाटे पिकवून जगतो, तीच ती. वीअर कॅलिफोर्नियातले प्रोग्रामर. पंधराव्या वर्षापासून कोड लिहिणारे. ‘वॉरक्राफ्ट २’ या गेमवरही त्यांनी काम केलं होतं. १९९९ च्या सुमारास एका मोठ्या कंपनीतून कपातीत त्यांची नोकरी गेली. हातात शेअर विकून आलेले थोडे पैसे होते. त्या बळावर त्यांनी तीन वर्षं पूर्णवेळ लिहायचं ठरवलं. कादंबरी लिहून झाली, पण एकही एजंट मिळाला नाही. अमेरिकेत एजंटशिवाय मोठ्या प्रकाशकाचं दार सहसा उघडत नाही. तीन वर्षं संपली आणि वीअर पुन्हा प्रोग्रामिंगकडे वळले.

इथवरची गोष्ट आपल्या कुठल्याही घरात घडू शकते. ‘बघ, सांगितलं होतं ना, नोकरी धर’ हे वाक्य मला हैदराबादेत बसूनही ऐकू येतं. फरक पुढे पडला. वीअर नोकरीवर परतले, पण त्यांचं लिहिणं थांबलं नाही. प्रकाशकाचा नाद सोडून ते स्वतःच्या वेबसाइटवर लिहू लागले. २००९ पासून तिथे त्यांनी ‘द मार्शियन’ प्रकरणाप्रकरणाने टाकायला सुरुवात केली. फुकट. वाचक जेमतेम काही हजार, पण त्यांत रसायनशास्त्र जाणणारे, भौतिकशास्त्र जाणणारे, तांत्रिक कामं करणारे असे लोक होते. हिशोबात काही चुकलं की ते कळवायचे आणि वीअर दुरुस्त करायचे. नायकाच्या यानाचा मार्ग बरोबर यावा म्हणून त्यांनी स्वतः एक प्रोग्रामही लिहिला.

पुढे वाचकच म्हणाले, की हे सगळं एका फाइलमध्ये द्या. मग म्हणाले, किंडलवर द्या. तिथे फुकट ठेवता येत नव्हतं, म्हणून कमीत कमी किंमत लावली : ९९ सेंट. हे २०११ चं. तीन महिन्यांत सुमारे ३५ हजार प्रती खपल्या. त्यानंतर एजंट स्वतःहून आला, मोठा प्रकाशक आला, आणि २०१४ मध्ये छापील पुस्तक आलं. पहिल्या नकारापासून मोजलं तर दहा वर्षांहून अधिक काळ गेला होता.

ही गोष्ट ‘जिद्द ठेवा, यश मिळेल’ एवढ्यावर संपवली तर ती अर्धीच राहते. जिद्द धरूनही कुणी न छापलेले लेखक पुष्कळ आहेत. मला त्या मधल्या वर्षांत काय घडलं यात जास्त रस आहे. त्या वर्षांत वीअर गोष्ट सांगायला शिकत होते. ‘द मार्शियन’ची बांधणी पाहा. नायकाला पाणी हवं, म्हणून तो यानाच्या इंधनातून हायड्रोजन काढतो आणि तो जाळून पाणी बनवतो. त्याच उपायातून स्फोट होतो. बटाटे उगवतात, आता भुकेचा प्रश्न सुटला असं वाटतं, आणि एअरलॉक फुटून सगळं पीक गोठून जातं. एका अडचणीचा उपाय पुढच्या अडचणीला जन्म देतो, त्यामुळे पुस्तक हातातून ठेववत नाही. दर प्रकरणाला खरे वाचक समोर असल्याशिवाय ही नस सापडणं अवघड आहे.

आणखी एक गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. कादंबरीच्या सुरुवातीला मंगळावर प्रचंड वादळ येतं आणि यान कलंडू लागतं. खरं तर मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या १ टक्क्याहूनही कमी आहे. तिथलं वादळ इतकी ताकद लावूच शकत नाही. हे वीअर यांना माहीत होतं. तरी त्यांनी वादळ ठेवलं, कारण निसर्गाने माणसाला तिथे एकटं पाडावं अशी त्यांची गोष्ट होती. म्हणजे ज्या माणसाने वाचकांच्या सांगण्यावरून हिशोब दुरुस्त केले, त्यानेच एक गोष्ट जाणूनबुजून बदलली नाही. काय बदलायचं आणि काय ठेवायचं हे ओळखणं, यालाच मी कसब म्हणतो.

नकार आला की आपल्यापुढे नेमका हाच प्रश्न असतो. आमच्या कामात टेस्टरचा अहवाल येतो तेव्हा आधी ठरवावं लागतं, की हा बग आहे की आपण मुद्दाम असं केलं आहे. दोन्हीला एकच उत्तर देता येत नाही.

आता माझ्याकडचा अनुभव. माझी कादंबरी १९५६ च्या हैदराबादची आहे. १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले : मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे म्हैसूरमध्ये आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. एकाच कचेरीत शेजारी शेजारी बसणाऱ्या कारकुनांची तीन राज्यांत वाटणी झाली. माझा नायक मराठी कारकून, शिक्षण उर्दूतून, आणि तो हैदराबादेतच राहायचं ठरवतो. हे लिहायला मला साडेतीन वर्षं लागली. तीन प्रकाशकांकडे पाठवलं. पहिल्याकडून आठ महिने काहीच कळलं नाही. दुसऱ्याकडून एका ओळीचं उत्तर आलं. तिसऱ्याने मात्र दीड पानाचा अभिप्राय पाठवला, आणि तो मी अजून जपून ठेवला आहे. त्यात दोन मुद्दे होते. एक, पहिली ६० पानं संथ आहेत. दोन, भाषा ‘मिश्र’ आहे, ती प्रमाण मराठीत आणावी.

पहिला मुद्दा मी तपासून पाहिला. हस्तलिखिताच्या तीन प्रती काढल्या. एक आत्याला दिली, एक लातूरच्या सहकाऱ्याला आणि एक शेजारच्या बारावीतल्या मुलीला. ‘कसं वाटलं’ असं विचारलं नाही, कारण त्याला सगळे ‘छान’ म्हणतात. एवढंच सांगितलं, की वाचता वाचता जिथे पुस्तक खाली ठेवाल तिथे पेन्सिलने खूण करा. तिघांपैकी दोघांच्या खुणा ३५ ते ४५ या पानांच्या मध्ये पडल्या. आत्या तर म्हणाली, ‘अरे, तो माणूस नोकरीला लागेपर्यंत माझा चहा गार झाला.’ मग वाटणीची यादी कचेरीत लागते तो दिवस मी पहिल्या पानावर आणला. नायकाचं बालपण जिथे लागेल तिथे दोन-चार ओळींत विखरून टाकलं. ४१० पानांची ३४० झाली.

दुसऱ्या मुद्द्यावर जास्त रात्री गेल्या. माझी माणसं पगाराला ‘तनखा’ म्हणतात. ‘कुठं जायलास?’ असं विचारतात. आमच्या घरात आजही असंच बोलतात. ती भाषा धुऊन काढली तर हे लोक पुण्यातल्या भाड्याच्या घरात राहिल्यासारखे वाटतील, आणि त्यांनी हैदराबाद का सोडलं नाही हे मला सांगताच येणार नाही. ही भाषा माझं वादळ आहे, ती मी ठेवली. पण ती ठेवायची तर वाचकाला अडू द्यायचं नाही, म्हणून प्रत्येक उर्दू शब्दापाशी थांबलो. प्रसंगातूनच अर्थ लागतो का? लागत असेल तर शब्द राहिला. नुसती फोडणी म्हणून पडलेले शब्द काढले. बहुतेक शब्द टिकले, आणि जे टिकले ते आता जास्त घट्ट बसले आहेत.

नवा खर्डा चौथ्या प्रकाशकाकडे आहे. उत्तर आलेलं नाही. येईल ते कदाचित ‘साभार परत’ही असेल. ती वाट बघत बसू नये म्हणून दुसरी कादंबरी सुरू केली आहे. सध्या ७२ पानं झाली आहेत.

म्हणून ज्यांनी विचारलं, ‘लिहावं की सोडावं’, त्यांना माझं सांगणं असं. नुसत्या नकारावरून काही ठरवू नका, त्यातून फार थोडं कळतं. अंक भरलेला असेल, तुमचा विषय त्यांच्या यादीत बसत नसेल, किंवा कुणी वाचलंही नसेल. पण सोबत कारण आलं असेल तर ते सोनं समजा. स्टीफन किंग शाळकरी वयात आपली नकारपत्रं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवत असत. खिळ्याला ओझं पेलेना तेव्हा त्यांनी मोठा खिळा ठोकला. हा किस्सा सगळे सांगतात. त्यांच्याच आठवणीतला दुसरा भाग कमी सांगितला जातो. एका नकारपत्रावर संपादकाने हाताने लिहिलं होतं, की दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा १० टक्के लहान करावा. किंग यांनी तो सल्ला आयुष्यभर वापरला.

अभिप्राय आला की पहिल्या दिवशी उत्तर लिहू नका. आठवड्याने पुन्हा वाचा. त्यातले मुद्दे वेगळे करा आणि प्रत्येक मुद्दा दोन-तीन खऱ्या वाचकांवर तपासा. दोघं एकाच जागी अडखळले तर ती जागा बदला. कुणीच अडखळलं नाही, आणि ती जागा काढली तर तुमची गोष्टच उरत नाही असं वाटलं, तर ती ठेवा. दरम्यान पुढचं काहीतरी लिहीत राहा. एकाच हस्तलिखितावर सगळा जीव टांगला की त्याचा नकार फार जड होतो.

यासाठी वाचक लागतात, आणि ते आपल्या मंडळात भरपूर आहेत. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता मी मंडळाच्या वाचनालयात बसणार आहे. ज्यांच्याकडे लिहिलेलं काही आहे त्यांनी दहा पानं घेऊन या. ज्यांच्याकडे नाही त्यांनी नुसती पेन्सिल आणा. चहा माझ्याकडून.