धनादेशावरची कोरी जागा आणि पाण्याचा पंप

बँकेत नोकरीला लागलो तेव्हा आमच्या वरिष्ठांनी पहिला धडा दिला तो धनादेशाचा. अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’ लिहायचे आणि उरलेल्या जागेत आडवी रेघ मारायची. रेघ नसेल तर ‘पाच हजार’च्या पुढे कोणीही ‘नऊशे’ लिहून ठेवील आणि खालची सही मात्र आपलीच राहील. बावीस वर्षे काउंटरवर बसून ही सवय अंगात मुरली आहे.

आज हे आठवायचे कारण वेगळे आहे. पाण्याचे पंप, विजेची उपकेंद्रे, कारखान्यातले व्हॉल्व्ह आता बऱ्याच ठिकाणी लहानसे संगणक चालवतात. तंत्रज्ञ त्यांना पी.एल.सी. म्हणतात. दुरून लक्ष ठेवता यावे म्हणून ते इंटरनेटला जोडतात आणि मध्ये राउटर, फायरवॉल अशी उपकरणे बसवतात. या उपकरणांत बाहेरून काही ना काही माहिती भरली जाते. ती तपासून मगच आत घ्यायला हवी. न तपासता ती जशीच्या तशी आतल्या आज्ञेला जोडली गेली, तर लांब बसलेला कोणीही त्या माहितीच्या शेपटीला स्वतःची आज्ञा लावून देऊ शकतो आणि यंत्र ती मुकाट्याने पाळते. याला ‘कमांड इंजेक्शन’ म्हणतात. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत हा रेघ न मारलेला धनादेश.

ही नुसती भीती नव्हे. मे २०२३ मध्ये डेन्मार्कच्या ऊर्जा क्षेत्रातील २२ कंपन्यांत घुसखोरी झाली. सुरुवात झाली ती झायझेल कंपनीच्या फायरवॉलमधल्या अशाच एका चुकीतून. म्हणजे राखणीला बसवलेला पहारेकरीच फितूर निघाला! दुरुस्ती कंपनीने एप्रिलमध्येच दिली होती, पण अनेकांनी ती बसवली नव्हती. उपकरण नवे आहे म्हणजे दुरुस्ती त्यात असेलच, असे काहींना वाटले. ज्याने बसवून दिले तोच पाहील, असे काहींनी गृहीत धरले. सुदैवाने हल्ला वेळीच लक्षात आला. काही कंपन्यांनी बाहेरची जोडणी तोडून काम चालू ठेवले आणि ग्राहकांना झळ बसली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील अ‍ॅलिक्विपा गावच्या पाणीपुरवठ्याच्या एका केंद्रातले पी.एल.सी. परक्यांच्या हाती गेले. तिथे तर आज्ञा चिकटवण्याचीही गरज पडली नसावी. अशी यंत्रे थेट इंटरनेटवर उघडी होती आणि कारखान्यातून येणारा ‘११११’ हा पासवर्डही बदललेला नसे, असे तिथल्या सरकारी सूचनेत म्हटले होते. कर्मचाऱ्यांनी पंप हाताने चालवले म्हणून पाणी थांबले नाही.

आता आपल्या बडोद्याकडे वळू. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधून शहराला नळाचे पाणी दिले. त्या काळी कोणाला ते अडवायचे असते तर आजव्यापर्यंत जावे लागले असते. आज तसे राहिलेले नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांतून कोणी ना कोणी कोयलीला, बाजव्याला, नंदेसरीला किंवा मकरपुऱ्याला नोकरीस आहे. मोठ्या कारखान्यांत या विषयाचे जाणकार असतात. मला काळजी वाटते ती लहान कारखान्यांची, आणि ठेकेदाराने बसवून दिल्यावर ज्यांच्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही अशा सार्वजनिक यंत्रांची.

‘आपल्या गावाला कोण कशाला त्रास देईल?’ असे काहीजण म्हणतील. अ‍ॅलिक्विपाही लहानच गाव आहे. ते यंत्र इस्रायली बनावटीचे होते, एवढेच निमित्त पुरले. खर्चाचा मुद्दाही फारसा टिकत नाही, कारण पहिली कामे जवळजवळ फुकटात होणारी आहेत. कुठे कोणते उपकरण आहे याची नोंदवही ठेवावी. पंप चालवणारे यंत्र थेट इंटरनेटवर ठेवू नये. दुरून काम करणे भागच असेल तर बँकेतल्याप्रमाणे एकाने करावे, दुसऱ्याने तपासावे. मूळ पासवर्ड बदलावा. दुरुस्त्या कोण, किती दिवसांत बसवणार हे निविदेतच लिहून घ्यावे. आणि सगळे बंद पडले तर पंप हाताने चालवण्याचा सराव वर्षातून एकदा तरी व्हावा.

सायबर घटना ६ तासांत ‘सर्ट-इन’ला कळवण्याचा केंद्राचा आदेश एप्रिल २०२२ पासूनचा आहे. तो चांगलाच आहे, पण चोरी झाल्यावर फिर्याद देणे आणि दाराला कडी लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून माझी सूचना अशी. मंडळाने महापालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज करावा. यंत्रांचा तपशील मागू नये. सुरक्षेचे कारण सांगून तो नाकारतील आणि तो उघड होणेही बरे नाही. एवढेच विचारावे की, पाणीपुरवठ्याच्या नियंत्रण यंत्रणेची सुरक्षा तपासणी शेवटची कधी झाली, आणि त्यात निघालेल्या त्रुटी दूर झाल्या का? मते मागायला दारी येणाऱ्यांनाही हेच दोन प्रश्न विचारावेत, मग पक्ष कोणताही असो.

येत्या सर्वसाधारण सभेत मी तसा ठराव मांडणार आहे. कारखान्यांच्या इन्स्ट्रुमेंट विभागात काम केलेले आपले निवृत्त सभासद पुष्कळ आहेत. त्यांनी अवश्य यावे आणि माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याचे काही चुकत असेल तर तिथेच सुधारावे.