फुकटची येसकरकी बंद

'कवी, तुम्ही तर समाजाचे. तुम्हाला पाकीट कसलं द्यायचं?' हे वाक्य मी मुंबईत ऐकलं, नाशकात ऐकलं, नांदेडला ऐकलं. बोलणारा दरवेळी आपलाच माणूस. निळा फेटा, छातीवर बिल्ला.

मंडपवाल्याला पैसे. डीजेवाल्याला अॅडव्हान्स. फ्लेक्सवाला तर रोख घेतल्याशिवाय छापतच नाही. पुढाऱ्याच्या गाडीत डिझेल. कवीला शाल, नारळ आणि जयभीम. जयभीम आम्ही छातीवर घेतो दोस्तांनो, पण एसटीचा कंडक्टर जयभीमवर तिकीट फाडत नाही. घरी अशा सतरा शाली पडल्यात. त्यांची गोधडी होते, भाकर होत नाही.

कुणी म्हणेल, हा पैशासाठी बोंबलतोय. होय, बोंबलतोय. तुमच्या आज्यानं बोंबलायला पायजे होतं आणि त्याला बोलू दिलं नाही, म्हणून मी बोंबलतोय.

आठवा जरा. येसकर काय करायचा? गावाचा सांगावा घेऊन कोस न् कोस पळायचा. मयताचा निरोप न्यायचा, सरकारी टपाल न्यायचं, साहेबाच्या घोड्यापुढं धावायचं. मोबदला? वतनाचा तुकडा, बलुतं आणि शिळी भाकर. वर ऐकवायचे, हा तर तुमचा मान! 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं ते याच मानाचा गळा धरायला. काम घेता ना, मग ठरलेला मोबदला द्या, हे साधं मागणं. ते बिल पास झालं नाही, 1929 ला मागं घ्यावं लागलं. वतन कायद्यानं गेलं ते 1958 च्या कायद्यानं. आणि आज आपल्याच जयंती मंडळाचा अध्यक्ष मला सांगतो, साहेबाची गाडी येईपर्यंत पब्लिक धरून ठेवा. घोडा गेला, स्कॉर्पिओ आली. पुढं पळणारा तोच.

साहेब येतात साडेनऊला. साउंडची परवानगी दहापर्यंत. कायद्यानं रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, सरकारनं सवलत दिलेले मोजके दिवस सोडून. साहेबांचं भाषण दहाला पाच कमी असताना संपतं. पाच मिनिटांत कवीनं जात जाळायची, क्रांती करायची आणि आभार मानायचे. पोलीस शिट्टी फुंकतो, वायर निघते. लांबून पोरं कडेवर घेऊन आलेल्या बाया कविता ऐकायला बसलेल्या असतात, त्या निमूट उठून जातात. मला खरा राग या गोष्टीचा येतो, पाकिटाचा नंतर.

कारण चळवळ पायी कुणी फिरवली? 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे फिरले. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या वस्तीत बाबासाहेब पोचले ते गाण्यातून. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक अक्षरं शिकले मोठेपणी, मग आयुष्यभर गावोगाव गात फिरले. 2004 ला गेले. त्यांची गाणी आजही प्रत्येक जयंतीत वाजतात. पण कॅसेट काढून बघा. वर गायकाचा रंगीत फोटो, लिहिणाऱ्याचं नाव मुंगीएवढं. 2012 साली कॉपीराइटचा कायदा बदलला, गीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. आपल्या किती शाहिरांना हे कुणी सांगितलं? वकील तर आपल्यातही कमी नाहीत.

अण्णाभाऊ 1969 ला गोरेगावात हलाखीत गेले. टपालाचं तिकीट निघालं 2002 ला. तेहतीस वर्षांनी! जिवंत होते तेव्हा तिकिटाचे पैसे कुणी विचारले?

दुसऱ्या बाजूला ते अंधेरी-वांद्र्याचे कॅफे. तिथं कवितेला 'स्पोकन वर्ड' म्हणतात, कॉफी पिता पिता ऐकतात, पाकीट मात्र वेळेवर देतात. फक्त एक अट. 'जरा आक्रोश द्या ना, तुमचा तो आक्रोश!' आपली जखम त्यांच्या टेबलावर. शेवटी चुटक्या वाजवतात, टाळ्यासुद्धा नाहीत. त्यांची पोटं भरलेली, म्हणून त्यांना आमची भूक चवीला लागते. तरी आपली पोरं तिकडं जातात. त्यांना विकाऊ म्हणण्याआधी तुम्ही त्यांना काय दिलंत ते सांगा.

सरकारचं वेगळंच. त्याला कवितेची किंमत बरोबर कळते. 2020 च्या सप्टेंबरात एल्गारच्या केसमध्ये कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप यांना उचललं. गाणाऱ्यांना. गाण्यात दम नसता तर यूएपीए कशाला लावला असता? ज्याला आपण नारळावर निपटवतो, त्याच्यासाठी दिल्लीहून एनआयए येते.

तर मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, 14 एप्रिलचं पत्रक छापायला टाकाल तेव्हा हिशेबाच्या वहीत एक ओळ वाढवा. कवी, जाण्यायेण्याचं भाडं आणि मानधन, आगाऊ. माइक साडेसातला, पुढाऱ्याच्या आधी, पूर्ण तासभर. साहेब लवकर आले तर खाली सतरंजीवर बसून ऐकतील, तिथं जागा भरपूर असते. आणि डीजेवाल्याचा अॅडव्हान्स आधीच दिला असेल, तर मला फोन करू नका.