‘वरून तर काहीच दिसत नाही!’

नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं की माणूस वाचत नाही, असं आपल्याकडे घरोघर सांगतात. जामसंड्यातही सांगतात. ही भीती खोटी आहे, हे आधी स्पष्ट म्हणू या. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. पाठीच्या कण्याजवळ, नसांच्या मुळाशी तो दडून बसतो. वय झालं, मधुमेह जडला, आजारपणानं अंगातली ताकद कमी झाली, की एखाद्या नसेच्या वाटेनं तो कातडीपर्यंत येतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूला असते. म्हणून फोडांचा पट्टा सहसा मधोमध येऊन थांबतो, कमरेला वेढा पडत नाही.

मग बाईचं हाल होणं थांबतं का? नाही. खरं दुखणं पुढंच आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

दोन-चार आठवड्यांत फोड सुकतात. घरचे म्हणतात, सुटली. पण विषाणूनं नस जखमी केलेली असते. नागीण झालेल्या शंभरातल्या दहा ते वीस जणांना त्या जागी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं वेदना राहतात. साठी ओलांडलेल्यांत हे प्रमाण वाढतं. आग होते, विजेचा झटका बसावा तशी कळ येते आणि नुसता कपडा घासला तरी सहन होत नाही.

आता हे बाईच्या अंगावर ठेवून बघा. नागीण सर्वांत जास्त येते ती छातीवर, पाठीवर, कमरेवर. तिथंच ब्लाउजची शिवण, तिथंच परकराची नाडी. पुरुष घरात उघड्या अंगानं बसू शकतो. साठीची बाई काय करणार? नाडी सैल बांधली तर ‘नीट नेसता येत नाही का’ म्हणून बोलणी खाणार. कूस बदलताना कळ येते म्हणून रात्र जागून काढणार आणि पहाटे पुन्हा चुलीपाशी. आंब्याच्या हंगामात बागेत पेट्या भरायला, मासळीची पाटी डोक्यावर घ्यायला ती गेली नाही तर त्या दिवसाची मजुरी गेली. पगारी रजा तिला कुणी दिलेली नाही. तक्रार केलीच, तर उत्तर ठरलेलं: ‘वरसून तर कायच दिसना नाय!’ दिसत नाही म्हणून नाही! बाईच्या दुखण्याला लावलेला हा निकष आपल्याला नवा नाही. मार दिसत नाही, म्हणून छळ नाही. रक्त दिसत नाही, म्हणून दुखणं नाही. मग ‘मनाचं आहे’, ‘वयाचं आहे’, आणि शेवटी ‘भोग आसत, भोगूचे लागतले’.

भोग कसले? नसेला झालेली ही जखम आहे, आणि तिच्यावर औषध आहे. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत असायक्लोवीरसारख्या गोळ्या सुरू केल्या तर आजार लवकर आटोक्यात येतो. वेदना मागे राहिली, तर अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिनसारख्या गोळ्यांनी पुष्कळांना आराम पडतो. साध्या दुखऱ्या गोळीनं ती वेदना क्वचितच हटते, कारण ती वेगळ्या जातीची आहे. असायक्लोवीर ज्या संशोधनातून आलं त्यात गरट्रूड एलियन या बाईंचा मोठा वाटा होता. १९३७ साली पदवी घेतल्यावर, बाई म्हणून, प्रयोगशाळांनी त्यांना दारं बंद केली होती. १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. एका बाईनं झगडून जगाला दिलेलं औषध जामसंड्याच्या बाईपर्यंत तीन दिवसांत पोचत नाही, याला काय म्हणायचं?

का पोचत नाही? पहिला दिवस लाजेत जातो. छातीखालचे फोड परक्या पुरुषाला कसे दाखवायचे? दुसरा दिवस गेरूच्या लेपात आणि मंत्र घालणाऱ्याच्या अंगणात जातो. तिसरा दिवस ‘आज काम आटपू दे, उद्या जाऊ’ यात. चौथ्या दिवशी बाई दवाखान्यात पोचते, तेव्हा औषधाची सर्वांत चांगली वेळ निघून गेलेली असते. खऱ्या नागाच्या दंशावर डॉक्टरी उपचार रोखून मंत्रतंत्र करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. या नागिणीचं नाव मात्र त्या कलमात नाही. आणि नावही बघा कसं ठेवलंय: डसणारी ती नागीण, कोपणारी ती देवी. आजारालाही बाईच केलं!

शासन म्हणेल, योजना आहेत. आहेत ना! महात्मा फुले योजना आहे, आयुष्मान भारत आहे. पण त्या मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी. नागिणीच्या वेदनेला कुणी दाखल करून घेत नाही. ती घरी बसून, महिन्यामागून महिना, गोळ्या विकत घेऊन सोसायची असते. २०१८ साली गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयानं परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा आपल्या जिल्ह्यातले लोक दोडामार्गला रस्त्यावर उतरले. ते योग्यच होतं. पण अपघात, हृदयविकार, बाळंतपण यांच्या यादीत न दिसणारी वेदना कधी आली का? प्रतिबंधक लसही आहे. २०२३ पासून पन्नाशीपुढच्यांसाठी ती भारतात मिळते. दोन डोसांना वीस हजारांच्या आसपास रुपये. पेट्या भरणाऱ्या बाईला तो आकडा ऐकवणं ही थट्टाच.

कुणी म्हणेल, क्षयरोग आहे, कर्करोग आहे, लेप्टो आहे. नागिणीनं कोण मरतं? खरं आहे, फार कमी मरतात. पण माणसानं मरेपर्यंत जगायचं असतं, आणि कसं जगायचं हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ बायका होत्या. पुरुष मुंबईला चाकरमानी, म्हातारी घर राखायला गावी, ही आपल्या किनाऱ्याची जुनी रीत. नागीणही बायकांना पुरुषांपेक्षा थोडी अधिक होते. म्हणजे हा आजार म्हातारपणी, एकटेपणी, बाईच्याच वाट्याला जास्त येणार. तिला कळ आली की पाणी द्यायलाही घरात कुणी नसतं.

कांजिण्यांचाच विषाणू पुढं नागीण होऊन उठतो, ही गोष्ट इंग्लंडमधल्या एका छोट्या गावच्या डॉक्टरनं, होप-सिम्पसननं, १९६५ साली मांडली. त्यानं केलं काय? सोळा वर्षं आपल्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. आपल्या बायकांच्या वेदनेची नोंदवही कुणाकडे आहे?

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. असायक्लोवीर आणि अमिट्रिप्टिलिन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेतच. ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने शिल्लक हवीत. तपासायला बाई डॉक्टर किंवा निदान सोबत नर्स हवी. नागीण झालेल्या प्रत्येकीला तीन महिन्यांनी ‘अजून दुखतं का?’ असं विचारून नोंद व्हावी. ७२ तासांची गोष्ट आशाताईंनी घरोघर सांगावी, पण या कामाचा मोबदला देऊन. बाईच्या वेदनेचं काम दुसऱ्या बाईच्या फुकट राबण्यावर उभं राहता कामा नये. आणि साठीपुढच्या गरिबांना लस सरकारनं द्यावी.

तोवर आपण एवढं तरी करू या, मैत्रिणींनो. अंगाच्या एका बाजूला आग होऊन फोड उठले, तर लाजू नका, थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. शेजारणीला फोड आले तर तिला घेऊन जा. आणि फोड गेल्यावरही ती ‘दुखतंय’ म्हणाली, तर वरून काही दिसतंय का ते शोधू नका. ती सांगते आहे, तेवढा पुरावा पुरे.