सीटी काढलाच आहे, तर हाडंही बघा

मायचा मुतखड्यासाठी पोटाचा सीटी स्कॅन केला होता. पुढं सहा महिन्यांनी अंजनगावात घरच्याच अंगणात ती घसरली अन् खुबा मोडला. कमरेचा पहिला मणका त्या स्कॅनमध्ये दिसत होता. रिपोर्टमध्ये हाडांबद्दल एक ओळही नव्हती.

या मणक्याची घनता सीटीवर हाउन्सफिल्ड युनिटमध्ये मोजता येते. आकडा साधारण ११०च्या खाली असेल तर हाडं ठिसूळ असल्याचा दाट संशय. १६०च्या वर असेल तर शक्यता कमी. पण शिरेतून कॉन्ट्रास्ट दिलं की आकडा वाढतो, मशीनच्या सेटिंगनंही बदलतो. म्हणून नुसत्या त्यावर गोळ्या सुरू करू नका, डेक्सा तपासणी करून खात्री करा.

तरी इशारा तर मिळतो ना? तोही नव्या स्कॅनविना. पन्नाशीपुढच्या बायांच्या रिपोर्टमध्ये ही ओळ सक्तीची करा. घरात जुना सीटी पडला असेल, तर डॉक्टरांना आजच विचारा.