पोलिओऐवजी सॅनिटायझर : निलंबन झालं, पण पुढची चूक कोण थांबवणार?

वाशिम : मानोरा ओलांडलं की यवतमाळ जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या कापसी-कोपरी गावात ३१ जानेवारी २०२१ ला पल्स पोलिओच्या दिवशी १२ चिमुकल्यांच्या तोंडात डोसऐवजी सॅनिटायझरचे थेंब गेले. उलटी, अस्वस्थपणा सुरू झाला. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात भरती करावं लागलं. सुदैवाने सगळी लेकरं बचावली. तिघांवर निलंबनाची कारवाई जाहीर झाली.

कारवाई व्हायलाच पाहिजे होती. पण निलंबनाने पुढची चूक थांबते का?

त्याच महिन्यात, ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं दगावली. चौकशी झाली, निलंबनं झाली, फायर ऑडिटची चर्चा राज्यभर झाली. दहा महिनेही झाले नव्हते, तर ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. ११ रुग्ण गेले. माणसं बदलली, पण व्यवस्था तशीच राहिली, तर हेच होणार.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, जगात दर १० रुग्णांमागे सुमारे एकाला उपचार घेतानाच काही ना काही इजा होते आणि त्यातली निम्म्याहून जास्त टाळता येते. म्हणूनच २०१९ पासून १७ सप्टेंबर हा रुग्ण सुरक्षा दिन पाळतात.

टाळायची कशी? चूक माणसाकडून होणारच, हे धरून चालायचं आणि ती पकडायला दुसरी नजर ठेवायची. सॅनिटायझरची बाटली लसीच्या टेबलावर ठेवायचीच नाही. बाटली उघडण्याआधी एकाने लेबल मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं. याला ना निधी लागतो, ना मंत्रालयाची मंजुरी.

शेवटची नजर आपली. लेकराला डोस देण्याआधी ताईंना बाटली दाखवायला सांगा. पोलिओच्या बाटलीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर ती लस द्यायची नाही. इंजेक्शन असेल तर नवी सुई समोर फोडायला सांगा. लस कोणती, त्रास काय होऊ शकतो, पुढची तारीख कोणती, हे विचारा आणि अर्धा तास तिथेच थांबा. गोळ्या घेताना मुदतीची तारीख वाचा.

विचारलं म्हणजे आशाताईवर किंवा सिस्टरवर अविश्वास दाखवला, असं नाही. उन्हातान्हात घरोघरी फिरणाऱ्या या बायाच आपली आरोग्यसेवा चालवतात. आपली नजर त्यांनाही वाचवते.

गावानेही एक काम करावं. सरकारी दवाखान्यांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता प्रमाणपत्र आहे, तपासणीत किमान ७० टक्के गुण लागतात. आपल्या आरोग्य केंद्राला ते मिळालं का? नसेल तर कशात अडलं? रुग्ण कल्याण समितीची शेवटची बैठक कधी झाली? हे प्रश्न येत्या ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

दुर्घटना झाल्यावर मोर्चा निघतोच. त्याआधी विचारलेला एक प्रश्न लेकराचा जीव वाचवू शकतो.