शिबिरातलं रक्त लॅबमध्ये कधी पोचतं?

गारखेड्याच्या आपल्या वस्त्यांत रक्त तपासायचं म्हटलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, "एवढ्या नळ्या भरून रक्त कशाला लागतं यांना?" आम्हाला हा प्रश्न रास्त वाटतो. फक्त तो घरी येऊन नव्हे, रक्त घेणाऱ्यालाच विचारला पाहिजे.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असतं. एका नळीत जातं २ ते ५ मिलिलिटर. रक्ताचा निम्म्याहून थोडा जास्त भाग पिवळसर पाण्यासारखा असतो, तो प्लाझ्मा. साखर, क्षार, प्रथिनं त्यातूनच वाहतात. लाल झाकणाच्या नळीत रक्त साधारण अर्ध्या तासात गोठतं. मग ते यंत्रात फिरवलं की गाठ तळाला बसते आणि वर पाणी उरतं, ते सीरम. किडनी, लिव्हर, थायरॉईडच्या तपासण्या बहुधा त्यावर होतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू देत नाहीत, कारण तिथे पेशी मोजायच्या असतात. करड्या झाकणाची नळी साखरेसाठी.

खरी काळजी पुढेच आहे. नळीत गेल्यावरही रक्तपेशी जिवंत असतात आणि प्लाझ्मातली साखर खात राहतात. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं तर साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटते. उपाशीपोटी १३० असलेली साखर दोन तासांनी ११५ दिसू शकते. मधुमेह धरतात १२६ पासून. म्हणजे आजार अंगात आणि रिपोर्टमध्ये मधुमेह नाही! करड्या नळीतल्या औषधाने ही घट बरीच रोखली जाते, पण तीही नळी वेळेत पोचायला हवी.

बाबासाहेबांनाही मधुमेहाने छळलं होतं. १४ एप्रिल, ६ डिसेंबरला विहारात तपासणी शिबिरं होतात, ती व्हायलाच हवीत. पण सकाळी घेतलेल्या नळ्या दुपारपर्यंत टेबलावर पडून राहणार असतील, तर त्या शिबिराचा उपयोग काय? आयोजकांनी मंडपाआधी नळ्या लॅबमध्ये नेण्याची सोय ठरवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आपणही तीन गोष्टी पाळू. साखर उपाशीपोटी तपासायची तर आठ तास काही खायचं नाही, साधं पाणी चालतं. नळीवर आपलं नाव लिहिलेलं डोळ्यांनी पाहायचं. आणि रक्त लॅबमध्ये कधी पोचणार, हे विचारायचं. तपासणी मोफत असली तरी हे विचारण्याचा हक्क आपला आहेच.